शेअर केलेलं गाणं जातं कुठे?

आवडत्या छोट्या बँडचं नवं गाणं आलं की आपण काय करतो? स्टोरीला टाकतो, ग्रुपवर लिंक पाठवतो. आज या सवयीचा थोडा इतिहास बघू. इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप यायच्या आधीचा.

इंग्लंडमधलं शेफिल्ड हे पोलादाचं शहर. त्याच्या हाय ग्रीन या उपनगरातल्या पोरांनी २००२ मध्ये बँड काढला, आर्क्टिक मंकीज. पाठीशी कुणी मोठी कंपनी नाही. गाणी रेकॉर्ड करायची, सीडीवर उतरवायची आणि कार्यक्रमाला आलेल्यांना फुकट वाटायची. सीडी मोजक्याच, मागणारे जास्त. मग ज्याला मिळाली त्याने ती कॉम्प्युटरवर चढवली, पुढे पाठवली. आपल्याकडे पूर्वी मित्राकडून कॅसेट भरून घ्यायचे ना, तसंच, फक्त इंटरनेटवरून.

शेफिल्डमध्ये बोर्डवॉक नावाचं कार्यक्रमांचं ठिकाण होतं. त्यावरून या फिरत्या गाण्यांना नाव पडलं ‘बिनीथ द बोर्डवॉक’. म्हणजे बारसंसुद्धा चाहत्यांनीच केलं! मायस्पेस या साइटवरचं बँडचं पेजही त्यांनीच बनवलेलं. मला यातली सगळ्यात भारी गोष्ट ही वाटते की अल्बम बाजारात यायच्या आधीच कार्यक्रमातली गर्दी बँडबरोबर अख्खी गाणी म्हणायची.

२००५ मध्ये डॉमिनो या स्वतंत्र लेबलने त्यांना घेतलं. ऑक्टोबरमध्ये सिंगल आलं ते ब्रिटनच्या यादीत थेट एक नंबरवर. जानेवारी २००६ मध्ये पहिला अल्बम आला आणि आठवड्यात ३,६३,७३५ प्रती खपल्या. ब्रिटनमध्ये तोवर कुणाचाच पहिला अल्बम इतक्या वेगाने खपला नव्हता.

श्रेय मात्र पेपरवाल्यांनी मायस्पेसला देऊन टाकलं. फुकटचं! २००५ मध्येच मरडॉक यांच्या न्यूज कॉर्पने ती साइट ५८ कोटी डॉलरला घ्यायचं ठरवलं होतं. ही किंमत कशाची? तिथे रोज येऊन गाणी ऐकणाऱ्या, पुढे पाठवणाऱ्या पोरापोरींची. त्यांना त्यातला एक पैसा मिळाला नाही, बँडनाही नाही. मग लोक फेसबुककडे वळले आणि २०११ मध्ये तीच साइट साधारण साडेतीन कोटी डॉलरला गेली.

खरा घाव पुढेच आहे. मार्च २०१९ मध्ये बातमी आली की सर्व्हर बदलताना मायस्पेसवरची २००३ ते २०१५ मधली गाणी गेली. अंदाज पाच कोटी गाण्यांचा! आर्क्टिक मंकीजचं काही बिघडलं नाही, त्यांचे अल्बम होते. पण ज्यांचं सगळं काही त्या एका पेजवरच होतं, त्यांचं काय? काही अभ्यासकांनी संशोधनासाठी आधी उतरवून ठेवलेली सुमारे ४ लाख ९० हजार गाणी तेवढी सापडली. ती आता इंटरनेट अर्काइव्हवर आहेत. म्हणजे शंभरातलं एकसुद्धा वाचलं नाही.

हे कळल्यापासून मी शेअर करण्याआधी लिंक कुठे नेते ते बघतो. गाणं विकत घ्यायची सोय असेल तर तीच लिंक टाकतो. बँडकॅम्पचं उदाहरण घ्या. डिजिटल विक्रीतला १५ टक्के वाटा ही साइट ठेवते. २० मार्च २०२० ला, कोविडमुळे सगळीकडचे कार्यक्रम बंद पडत असताना, तिने एक दिवस तो वाटाही सोडला. बँडनी आणि चाहत्यांनी पोस्टी फिरवल्या आणि त्या एका दिवसात ४३ लाख डॉलरची खरेदी झाली. नेहमीच्या शुक्रवारच्या साधारण १५ पट! पुढे असे शुक्रवार पुन्हा पुन्हा ठेवले गेले.

अर्थात बँडकॅम्पही कुणाच्या तरी मालकीचीच. २०२२ मध्ये एपिक गेम्सने घेतली, २०२३ मध्ये साँगट्रेडरकडे गेली आणि निम्म्या लोकांच्या नोकऱ्या गेल्या. त्यामुळे घेतलेली गाणी मी उतरवून हार्डडिस्कवर ठेवतो. आणि ओळखीचे बँडवाले भेटले की पहिलं विचारतो, ‘मूळ फाइल घरी आहे ना रे?’