वातारासेचे मासे आणि अशिओची खाण

मृगाच्या पहिल्या सरींबरोबर ओढ्याच्या लोंढ्याविरुद्ध उसळ्या घेणारे चढणीचे मासे ज्याने कोकणात एकदा तरी पाहिले आहेत, त्याला जपानातील आयु माशाचे कौतुक निराळे समजावून सांगावे लागणार नाही. वीतभर लांबीचा हा रुपेरी मासा शरदात नदीच्या पात्रात अंडी घालतो, त्याची पिले हिवाळा समुद्राच्या आश्रयाने काढून वसंतात गोड्या पाण्यात चढतात, आणि तेथे दगडागोट्यांवरचे शेवाळ खरवडून ती वाढतात. ताजा आयु हातात घेतला तर त्याला काकडीसारखा वास येतो. ज्याचे अवघे जीवित नदीतल्या गोट्याच्या पाठीवर पोसले जाते, त्याच्या अन्नावर खाणीचा गाळ बसला म्हणजे काय होते, हे वातारासे नदीकाठच्या लोकांनी पाहिले.

या नदीच्या उगमाकडील डोंगरांत, तोचिगी प्रांतात, अशिओची तांब्याची खाण तोकुगावांच्या अमलापासून चालत आली होती. ती जवळजवळ निकामी झालेली असताना 1877 साली फुरुकावा इचिबेई या व्यापाऱ्याने ती विकत घेतली, आणि पुढील दशकात तांब्याच्या नव्या, समृद्ध शिरा लागताच देशातील तांब्याचा फार मोठा हिस्सा तेथून निघू लागला. बोगद्यांच्या टेकूंसाठी आणि भट्ट्यांच्या सरपणासाठी डोंगर बोडके झाले, उरलीसुरली झाडे गंधकाच्या धुराने वाळली, आणि माती धरून ठेवणारी मुळेच न राहिल्यामुळे प्रत्येक पुराबरोबर खाणीतला विषारी गाळ खाली उतरू लागला.

1885 च्या उन्हाळ्यात नदीतले आयु मोठ्या संख्येने मेल्याची वार्ता वृत्तपत्रात आली. वातारासेचे मासे विकू नयेत असा हुकूम प्रांताधिकाऱ्याने 1880 सालीच काढला होता, अशी कथा पुढे रूढ झाली. परंतु शोध घेणाऱ्यांना तसा हुकूम दफ्तरात आढळला नाही. लोकांनी ती कथा का जपली असावी, हे मला उमगते. माशांच्या मरणाची दखल सरकारदरबारी कोणीतरी वेळेवर घेतली होती, असे मानल्यावाचून त्यांना राहवले नसेल.

प्रत्यक्षात बोभाटा झाला तो 1890 च्या महापुराने भातशेतात गाळ पसरल्यावर. तानाका शोझो या लोकप्रतिनिधीने 1891 साली प्रतिनिधिसभेत जाब विचारला, तेव्हा शेतकी व व्यापार खात्याचे मंत्री मुत्सु मुनेमित्सु यांनी, ज्यांचा मुलगा फुरुकावांच्या घरी दत्तक गेला होता त्यांनी, नुकसानीचे कारण निश्चित झालेले नाही, असे उत्तर दिले. 1897 साली मात्र गाळ निवळण्याचे हौद आणि गाळण्या बांधण्याची सक्ती खाणीवर झाली, आणि पुढे नासलेल्या जमिनींचा सारा माफ झाला. सारा माफ झालेल्यांचा मताधिकारही त्यामुळे गेला. आणि कोळ्याच्या नावे तर साऱ्याची जमीनच नव्हती, मग सूट कशाची द्यायची? महसुलाच्या वहीत नदीला रकाना नव्हता, आणि माझ्या मते या साऱ्या प्रकरणातील मूळ अन्याय तोच होय.

तानाकांनी 1901 मध्ये प्रतिनिधित्वाचा राजीनामा दिला, आणि त्याच वर्षी 10 डिसेंबरला, हातात अर्ज घेऊन, ते सम्राटाच्या गाडीकडे धावले; शिपायांनी त्यांना वाटेतच धरले. पुराचे पाणी साठवण्यासाठी यानाका गाव मोडायचे ठरले तेव्हा ते त्या गावातच राहावयास गेले, आणि 1907 साली तेथील शेवटची सोळा घरे त्यांच्या डोळ्यांदेखत पाडली गेली. खाण 1973 पर्यंत चालली. आणि ती बंद होऊन अडतीस वर्षे लोटल्यावरही, 2011 च्या भूकंपात, तिथल्या जुन्या गाळाचा एक ढीग ढासळून नदीत आला.

तानाका 4 सप्टेंबर 1913 रोजी वारले. त्यांच्यामागे एक पिशवी राहिली. तीत रोजनिशीच्या वह्या होत्या, बायबलचा नवा करार होता, राज्यघटनेची प्रत होती. आणि त्यांच्याशेजारी थोडे नदीतले शेवाळ आणि तीन लहान गोटे होते.