घाटाखालची वीज आणि काचेचे व्हॉल्व्ह

बोरघाटाच्या माथ्यावरील लोणावळे, वळवण आणि शिरवटा येथील तलावांत साठविलेले पावसाचे पाणी सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीस उतरवून त्यावर वीज निर्माण करण्याचा टाटांचा उपक्रम १९१५ साली सिद्धीस गेला, आणि त्यानंतर सातच वर्षांनी, म्हणजे १९२२ साली, ठोकरवाडीच्या धरणाचे पाणी घेऊन कर्जत तालुक्यातील भिवपुरीचे दुसरे केंद्र उभे राहिले. खोपोलीचे सोडलेले पाणी पाताळगंगेस मिळाले आणि भिवपुरीचे उल्हास नदीस. वीज मात्र भातखाचरांवर उभ्या केलेल्या लोखंडी मनोऱ्यांच्या खांद्यांवरून थेट मुंबईच्या गिरण्यांकडे निघून गेली. पुढे १९२९ साली कल्याणपासून घाटापर्यंत आगगाडीही विजेवर धावू लागली, पण त्या विजेचे केंद्र ठाकुर्लीला आणि तिचा उपयोग फक्त रुळांवर. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांतील खेडुतांनी अशा रीतीने एका पिढीहून अधिक काळ वीज पाहिली ती डोक्यावरून जाताना. घरात आणि देवळात तेलाचा दिवा व मिरवणुकीत गॅसबत्ती हीच त्यांची वहिवाट होती. या भागातील ध्वनिवर्धकाचा इतिहास समजून घ्यावयाचा तर हा विरोधाभास प्रथम ध्यानी धरला पाहिजे, कारण येथे निर्वात नलिकेचा, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या व्हॉल्व्हचा, प्रवेश झाला तो तारेच्या विजेवाचून, बॅटरीच्या पेटीतून.

तत्पूर्वी आवाज हा छातीतून यावयाचा. कीर्तनकार, शाहीर, तमाशातील सोंगाड्या, गावकीचा निरोप ओरडून सांगणारा महार किंवा कोतवाल, या सर्वांचा अधिकार त्यांच्या गळ्याच्या पल्ल्यापुरता असे. राजकीय सभांना हजारोंची गर्दी होऊ लागली तेव्हा हा पल्ला अपुरा पडला, आणि मुंबईच्या मोटवाने बंधूंच्या ‘शिकागो रेडिओ’ने काँग्रेसच्या अधिवेशनांना व गांधीजींच्या सभांना ध्वनिक्षेपक पुरवून ती उणीव भरून काढली. त्या काळच्या छायाचित्रांत नेत्यांच्या तोंडासमोर दिसणाऱ्या मायक्रोफोनवर त्या व्यापारी पेढीचे नाव इतक्या ठळकपणे झळकते की स्वातंत्र्यसंग्रामाची जाहिरात याहून स्वस्तात कोणी केली नसेल, असे थट्टेने म्हणावेसे वाटते. थट्टा एवढीच पुरे. कारण १९४२ साली ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात मुंबईतून गुप्तपणे चाललेल्या काँग्रेस रेडिओच्या खटल्यात उषा मेहता प्रभृतींबरोबर नानक मोटवाने यांनाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागले होते आणि ते निर्दोष सुटले, हेही त्याच इतिहासाचे पान आहे.

याच महिन्यांत घाटाखाली जे घडत होते त्याचा विजेशी याहूनही निकटचा संबंध आहे. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, ज्यांना सारा मुलूख भाई कोतवाल म्हणून ओळखतो, त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडण्याचा सपाटा लावला, तो युद्धकार्यात गुंतलेल्या गिरण्या व कारखाने अंधारात बसावेत म्हणून. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या रानात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना हौतात्म्य आले. ज्या विजेचा उपभोग आपल्या गावास नाही ती तोडताना त्या तरुणांना व्यक्तिगत गैरसोय काहीच सोसावी लागली नसेल. प्राणांची किंमत मात्र मोजावी लागली.

स्वातंत्र्यानंतर कुलाबा जिल्ह्यात शेतकरी कामगार पक्षाच्या सभा, १९५६ नंतर संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन, निवडणुकांचे फड, आणि त्याहूनही अधिक लग्ने, हळदी, जत्रा व सार्वजनिक गणपती यांच्यामुळे ध्वनिवर्धक भाड्याने देणे हा एक स्वतंत्र धंदा झाला. पेट्रोमॅक्स, मांडव, खुर्च्या आणि ‘माइक’ एकाच दुकानात मिळत. राज्य विद्युत मंडळ १९६० साली स्थापन झाले आणि त्यानंतरच खेडोपाडी विजेचे खांब हळूहळू रोवले गेले; ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्यांवर तर ते कितीतरी उशिरा पोहोचले. तोपर्यंत लाऊडस्पीकरवाल्याचा सारा संसार बैलगाडीवर चढे: एक व्हॉल्व्हचे मशीन, एक ग्रामोफोन, तबकड्यांची पेटी, दोन कर्णे, तारेची वेटोळी, आणि शिशाच्या पत्र्यांच्या व आम्लाने भरलेल्या जड बॅटऱ्या. हे आम्ल एकदा सदऱ्यावर उडाले की दुसऱ्या धुण्याला तेथे भोक पडावयाचेच.

या मशीनची अंतर्रचना जाणण्याजोगी आहे. व्हॉल्व्हच्या पोटातील तंतू तापला की त्यातून विद्युत्कण बाहेर पडतात आणि समोरच्या पत्र्याकडे धाव घेतात. मध्ये उभ्या असलेल्या जाळीवर मायक्रोफोनचा क्षीण संदेश दिला की ती त्या ओघाला आवरते वा मोकळा सोडते, आणि अशा रीतीने दुबळ्या लहरीची प्रबळ प्रतिकृती निर्माण होते. तंतू तापविण्यास थोड्या व्होल्टची वीज पुरे, परंतु पत्र्यावर तीनशे-चारशे व्होल्टचा दाब लागतो, आणि बॅटरीत तर अवघे सहा वा बारा. ही तफावत भरून काढण्यासाठी ‘व्हायब्रेटर’ नावाची एक धातूची डबी बसवीत. तिच्यातील पाते सेकंदाला शंभराच्या आसपास वेळा थरथरून बॅटरीच्या सरळ प्रवाहाचे तुकडे करी, आणि ते तुकडे ट्रान्सफॉर्मरमधून जाऊन उच्च दाबाचे होत. सभेला शांतता पसरली की वक्त्याच्या आधी या डबीचीच गुणगुण ऐकू येई. मशीन सुरू केल्यावर अर्धा-एक मिनिट काहीच आवाज येत नसे, कारण व्हॉल्व्ह तापावे लागत. आणि अध्यक्षांनी बोलण्यास उभे राहावे, माइक मुका असावा, व मशीनवाल्याने हात वर करून “जरा थांबा” म्हणावे, या क्षणी मंडपातील सर्वश्रेष्ठ सत्ता कोणाची, याविषयी कोणासही संदेह राहत नसे.

या धंद्यात शिरणारा पोऱ्या पहिला धडा शिके तो असा, की कर्णा जोडल्यावाचून मशीन चालू करावयाचे नाही. व्हॉल्व्हच्या यंत्रात शेवटचा ट्रान्सफॉर्मर भारावाचून चालविला तर त्यात अनावर दाब उत्पन्न होऊन तो जळतो, आणि तो जळाला म्हणजे हंगामाची कमाई गेली. दुसरा धडा कर्ण्यांचा रोध आणि मशीनच्या मागील खुंट्या यांचा मेळ घालण्याचा. आठ ओहमचे दोन कर्णे समांतर जोडले की चारची खुंटी, एकापुढे एक जोडले की सोळाची. सातवीही न गेलेले मुलगे हा हिशेब बोटांवर करीत. या दोन तालुक्यांतला पाऊस मात्र कोणाच्याच हिशेबात बसत नसे. आषाढ-श्रावणात गुंडाळीच्या तारांचे वेष्टन ओल धरी, व्हॉल्व्हच्या बैठकांना हिरवट गंज चढे, आणि म्हणून जाणता मालक पावसाळ्यातही मशीन आठ-पंधरा दिवसांनी तापवून ठेवी. दिल्लीच्या अहुजांचे मशीन बरे की मुंबईच्या शिकागोचे, की लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून एखाद्या कारागिराने पत्र्याच्या चौकटीवर उभारलेले, यावर तासन्‌तास वाद चालत. कोणाचा आवाज ‘भरीव’, कोणाचा ‘कोरडा’, कोणाचे मशीन लताबाईंच्या वरच्या स्वराला फाटते, आणि कोणाचे पहाटेपर्यंत तापूनही गोड राहते, याचे निवाडे कानांनी होत व तेच ग्राह्य मानले जात.

याच वर्षांत समुद्रापलीकडे हीच काचेची नळी एका निराळ्याच कारणाने भाग्यास चढत होती. कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी लिओ फेंडर याने विजेच्या गिटारीसाठी ध्वनिवर्धक बनविण्यास आरंभ केला. लंडनच्या जिम मार्शलने १९६२ च्या सुमारास फेंडरच्याच ‘बेसमन’ या यंत्राची रचना समोर ठेवून आपले पहिले मशीन तयार केले. आणि टॉम जेनिंग्ज व डिक डेनी यांनी त्याआधीच, १९५० च्या दशकाच्या अखेरीस, व्हॉक्सची एसी १५ आणि एसी ३० ही मशीने बाजारात आणली होती. फेंडरमध्ये बहुधा ६एल६ जातीचे, मार्शलच्या प्रसिद्ध यंत्रांत ईएल३४ जातीचे, आणि व्हॉक्समध्ये ईएल८४ जातीचे व्हॉल्व्ह असत. सभेच्या मशीनमध्येही व्हॉल्व्हची हीच कुळे नांदत होती. भेद होता तो हेतूचा. आमच्या मशीनवाल्याची सारी विद्या आवाज फाटू नये यासाठी खर्ची पडे, तर गिटारवादकाने तो मुद्दाम फाडला. व्हॉल्व्हला त्याच्या शक्तीबाहेर ताणले असता तो लहरीचे माथे एकदम कापून न टाकता हळूहळू दडपतो, त्यामुळे मूळ स्वराभोवती त्याच्या उपस्वरांचा एक दाट पुंज उभा राहतो, आणि तार छेडण्याच्या बळाप्रमाणे तो पुंज कमीअधिक होतो. ज्या दोषाबद्दल कर्जतच्या बाजारपेठेत भाडे कापून घेतले गेले असते त्याच दोषासाठी पाश्चात्त्य वादक वाटेल ती किंमत मोजू लागले. अलेक्झांडर डंबल या कॅलिफोर्नियातील कारागिराने आयुष्यभरात हाताने घडविलेली यंत्रे सुमारे तीनशेच, आणि त्यांपैकी एखादे विक्रीस आले तर त्याची बोली एक लाख डॉलरांहून वर जाते. अशा यंत्रांचे मालक दोन-दोन मशीने शेजारी मांडून, एकच गिटार एकदा यात व एकदा त्यात लावून, कोणाचा मध्यस्वर भरीव आणि कोणाचा वरचा स्वर तीक्ष्ण याचा काथ्याकूट करतात. त्यांच्या शब्दांत आणि कर्ण्यांच्या मालकांच्या शब्दांत मला फारसे अंतर दिसत नाही. अंतर असलेच तर खिशाचे आहे.

आणि गिटार तरी येथे अगदीच अपरिचित होती असे नव्हे. व्हॅन शिप्ले आणि हजारासिंग यांच्या विजेच्या गिटारीवरील सिनेगीतांच्या तबकड्या एच. एम. व्ही. ने काढल्या होत्या, आणि शब्दांवाचून असलेल्या त्या सुरांना लग्नाच्या मंडपात फार मागणी असे, कारण वऱ्हाडी मंडळींना वर गप्पाही मारता येत. परंतु या मुलखाने स्वतः जे तारवाद्य जवळ केले ते बेंजो. जपानात विसाव्या शतकाच्या आरंभी निघालेले, खटक्यांच्या पट्टीने तारा दाबून वाजविण्याचे हे वाद्य बुलबुलतरंग या नावाने हिंदुस्थानात रुळले. कोकणपट्टीत त्यास चुंबक व तारेच्या गुंडाळीचा ‘पिकअप’ लागला, गिटारीच्या खुंट्या लागल्या, आणि आगरी-कोळी हळदीपासून गणपतीच्या मिरवणुकीपर्यंत बेंजो पार्टी हे एक अपरिहार्य अंग होऊन बसले. पिकअपमधून निघालेला संदेश मशीनमध्ये, मशीनमधून हातगाडीवर वा टेम्पोवर बांधलेल्या कर्ण्यांत. कर्णा खालचे स्वर गिळतो आणि मधले-वरचे तेवढे फेकतो, शिवाय ढोल-ताशांवर मात करण्यासाठी मशीनची खुंटी शेवटपर्यंत पिळलेली. अशा स्थितीत जो चिरका, चिकट, रस्त्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाणारा स्वर उत्पन्न होतो तो अपघाताने झालेला नव्हे. बेंजोवाल्यांनी तो निवडलेला आहे. संगीताच्या पंडितांनी या वाद्याची उपेक्षाच केली, परंतु मशीनलाच वाद्याचा अर्धा भाग मानणारा वादक या मुलखात कोणी झाला असेल तर तो हाच, आणि लंडनच्या गिटारवादकाचा खरा सोयरा म्हणून त्याचीच गणना करावी लागेल.

व्हॉल्व्हचे राज्य बुडाले ते ट्रान्झिस्टरमुळे. बेल प्रयोगशाळेत १९४७ च्या डिसेंबरात सिद्ध झालेला हा घटक आमच्या धंद्यात पुष्कळ उशिरा आला, पण आला तो सर्वस्व घेऊन गेला, आणि त्याचे कारण उघड आहे: त्याला तापविणे नको, उच्च दाब नको, म्हणून व्हायब्रेटरही नको, बारा व्होल्टची बॅटरी थेट जोडली की काम भागते. डोंगरावरच्या वाडीला डोक्यावर सामान वाहून नेणाऱ्या माणसाने स्वराच्या माधुर्यासाठी पाच-दहा किलो लोखंड अधिक उचलावे, ही अपेक्षा करणे निर्दयपणाचे ठरले असते. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने साठीच्या दशकाच्या आरंभापासून काढलेले व्हॉल्व्ह काही वर्षे दुरुस्तीस पुरले. पुढे तेही संपले, आणि मशीने माळ्यावर गेली किंवा तांब्याच्या भावाने भंगारात. परदेशात मात्र गिटारवादकांच्या आग्रहामुळे या नळ्यांचे कारखाने रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन येथे तग धरून राहिले. २०२२ साली युद्धामुळे रशियन माल अडला तेव्हा त्यांच्या किमती भडकल्या, आणि जुन्या, न वापरलेल्या व्हॉल्व्हचा शोध घेणारे व्यापारी बंगळूरच्या मालासही गिऱ्हाईक मिळवून देतात.

तेव्हा कर्जत, नेरळ, खोपोली, चौक या बाजूच्या एखाद्या जुन्या मांडववाल्याच्या माळ्यावर असे मशीन अद्याप पडले असेल, तर ते वजनावर विकण्यापूर्वी एखाद्या जाणत्या दुरुस्तीकारास दाखवावे, इतकी विनंती आहे. कुतूहलापोटी त्याची पिन एकदम भिंतीत खोचू नये. आतील जुने कपॅसिटर सुकलेले असतात, ते फुटतात आणि ट्रान्सफॉर्मरही घेऊन जातात. आधी ते बदलून घ्यावेत, कर्णा जोडावा, आणि मगच खटका दाबावा.