वंगणाची वेळ

नवी मोटार घरी आणणाऱ्या गृहस्थास किल्ल्यांबरोबर एक लहानशी पुस्तिका मिळते. तीत एक कोष्टक छापलेले असते. इतके किलोमीटर धाव झाली, अथवा इतके महिने लोटले, की इंजिनातील तेल बदलावे. इतक्या अंतरानंतर एअर फिल्टर पहावा. इतक्या वर्षांनी ब्रेकमधील तेल काढून नवे भरावे. ही पुस्तिका बहुधा मोटारीच्या खणात विम्याच्या कागदांखाली जाऊन पडते, आणि पुढे तिच्याविषयी दोन मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, हा सारा कारखानदारांचा व्यापार आहे. गाडी चालते आहे तोवर तिला हात कशाला लावावा? दुसरा पक्ष त्या आकड्यांस वेदवाक्य समजतो, व काटा दहा हजारांवर येईपर्यंत बॉनेट उघडण्याचे त्यास कारण दिसत नाही. परभणीसारख्या जिल्ह्यात हे दोन्ही पक्ष सारखेच फसतात. ते का, हे समजण्यास या आकड्यांचा इतिहास पाहिला पाहिजे, आणि त्या इतिहासाचा आरंभ मोटारीच्या पुष्कळ आधीचा आहे.

गोदावरीच्या दोन्ही काठांवर पसरलेल्या या काळ्या रानात पिढ्यान्‌पिढ्या ओझे वाहिले ते बैलगाडीने. पावसाळ्यात येथील माती चाकांस अशी चिकटे की गाड्या जागच्या जागी उभ्या रहात. खरी वाहतूक चाले ती सुगीपासून मृगापर्यंत. लाकडी तुंबा लोखंडी आखावर फिरे, आणि गाडीतील घासणारी मुख्य जागा ती हीच. तेथे एरंडेल किंवा तसलेच दुसरे जाड तेल घालीत. त्यासाठी गाडीखाली वंगणाची नळी टांगलेली असे. चाक कुरकुरू लागले म्हणजे वंगण संपले हे लहान पोरासही कळे. परंतु जाणता गाडीवान त्या कुरकुरीची वाट पहात नसे. लांबच्या मजलेस निघण्यापूर्वी तो गाडीस टेकू देई, आखाच्या टोकाची खीळ काढून चाक बाहेर ओढी, जुना मळ पुसून नवे वंगण चोपडी आणि मग चाक पुन्हा बसवी. आवाज होऊ लागला याचा अर्थ झीज आधीच सुरू झाली, एवढे त्यास पक्के ठाऊक होते.

दुसरी वेळ ऋतूनेच ठरवून दिलेली होती. चैत्र-वैशाखाच्या उन्हात चाकाचे लाकूड सुकून आकसते आणि त्यावरची लोखंडी धाव ढिली पडते. तेव्हा लोहाराकडे जाऊन धाव तापवून घ्यावयाची, लाल झाली असता चाकावर चढवावयाची आणि लागलीच पाणी ओतावयाचे, म्हणजे ती आवळून बसे. हे काम बारमाही करण्याचे नव्हे, ते उन्हाळ्याचे. येथे एक गोष्ट सहज लक्षात येण्याजोगी आहे. सुतार व लोहार हे बलुतेदार. त्यांना सालाचे धान्य ठरलेले. किरकोळ दुरुस्तीस दर वेळी पैसा मोजावा लागत नसल्यामुळे कुणबी ती पुढे ढकलीत नसे. आजचा मोटारमालक दुरुस्ती लांबणीवर टाकतो ती पुष्कळदा आळसाने नव्हे, तर बिलाच्या भीतीने. जुन्या व्यवस्थेत अनेक दोष होते व ती गेली हे योग्यच झाले. परंतु एवढ्या एका बाबतीत तिचा हिशेब शहाणपणाचा होता, असे म्हणावयास हरकत नाही.

एकोणिसावे शतक संपून विसावे सुरू होत असता हैदराबाद ते मनमाड हा मीटर गेजचा लोहमार्ग या जिल्ह्यातून गेला, आणि पूर्णा हे पुढे जंक्शन झाले. तेथे वाफेच्या इंजिनांचे शेड होते. आगगाडीबरोबर या मुलखात एक नवीनच रीत आली. गाडीवान चाक काढीत असे ते निघण्यापूर्वी. येथे तर उत्तम चालणारे इंजिन मुद्दाम थांबवून, विझवून, शेडात उभे करू लागले. त्याचे कारण पाणी. जड पाणी उकळून उकळून बाष्पपात्राच्या आत व नळ्यांवर क्षाराचा थर बसतो. थर वाढला की उष्णता पाण्यात पोचत नाही, कोळसा अधिक जळतो आणि धातू नको इतका तापतो. बाष्पपात्र फुटले तर काय अनर्थ होतो, हे इंग्लंड-अमेरिकेने एकोणिसाव्या शतकात वारंवार पाहिले होते. यास्तव ठराविक दिवसांनी बाष्पपात्र धुवावयाचेच, मग इंजिनात दोष दिसो वा न दिसो, असा दंडक पडला. याखेरीज रोजची राख काढणे होते, लांब चोचीच्या बुधल्याने सांध्यासांध्यात तेल घालणे होते, आणि या सर्वांची वहीत नोंद होती. वंगणाची वेळ गाडीवानाच्या अनुभवातून निघून वहीच्या पानावर आली ती येथे.

ही वही मोटारीच्या हाती कशी गेली, हा या कथेतील महत्त्वाचा भाग आहे. निजाम सरकारने 1930 मध्ये आपल्या राज्यातील रेल्वे कंपनीकडून घेतली आणि 1932 च्या जूनमध्ये त्याच रेल्वेची एक शाखा म्हणून रस्ता-वाहतूक खाते सुरू केले. आरंभी गाड्या 27 व नोकर 166. त्या गाड्यांत स्कॉटलंडच्या अल्बियन कंपनीच्या बस होत्या. या दोन आकड्यांचा भागाकार करून पहावा; एका गाडीमागे सहा माणसे पडतात. गाडी हाकणे व तिकिटे देणे एवढ्यास सहा माणसे लागत नाहीत. खात्याचा जन्म रेल्वेच्या घरी झाल्यामुळे गाडीबरोबर कारखाना, कारखान्याबरोबर फिटर आणि फिटराबरोबर नोंदवही या गोष्टी त्यास वारशानेच मिळाल्या. त्याच काळी ठिकठिकाणी खाजगी मालकांच्या ‘सर्व्हिस मोटारी’ धावत. नावात सर्व्हिस असली तरी पुष्कळ मोटारींच्या नशिबी ती नसे. गाडी भरली की निघावयाचे आणि बंद पडली की उतारूंनी ढकलावयाचे, असा व्यवहार. मालकाजवळ दुसरी गाडी नसल्यामुळे पहिली थांबविणे त्यास परवडत नसे, हेही खरे आहे. ठरल्या दिवशी गाडी उभी ठेवावयाची तर तिच्या जागी पाठविण्यास दुसरी गाडी पाहिजे. आणि ही सोय मोठ्या संस्थेसच असते.

त्या काळी मोटारीस किती वेळा थांबवावे लागे? अमेरिकेत हेन्री फोर्डची ‘मॉडेल टी’ 1908 मध्ये निघाली. तिच्या पुस्तिकेत सांगितले होते की नवी गाडी 400 मैल चालली की इंजिनाचे तेल काढून टाकावे व त्यानंतर सुमारे दर 750 मैलांनी, म्हणजे साधारण 1,200 किलोमीटरांनी, बदलावे. त्या इंजिनात तेल ढकलणारा पंप नव्हता. फिरणाऱ्या भागांनी उडविलेले तेल सर्वत्र पसरे. तेल गाळणारा फिल्टरही नव्हता. तेल किती उरले हे पाहण्यास इंजिनाच्या तळाशी वरखाली दोन लहान तोट्या असत. गाडीखाली वाकून त्या उघडून पहावयाच्या. आत गेलेली धूळ, जळक्या इंधनाची काजळी आणि न जळता खाली उतरलेले पेट्रोल ही सारी त्याच तेलात साचत रहात. तेव्हा 750 मैल हा आकडा कोणा विक्रेत्याने काढलेला नसून, तेवढ्या मळानंतर ते तेल वंगणाच्या कामाचे उरत नाही, या अनुभवाचा तो आकडा होता.

पुढे तो वाढत गेला. तेलाचा जाडपणा मोजण्याची एक सर्वमान्य श्रेणी अमेरिकेतील मोटार-अभियंत्यांच्या संस्थेने 1911 मध्ये घालून दिली. 1923 मध्ये तेलाचा फिल्टर बाजारात आला. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास काजळी धरून ठेवणारी व धातू स्वच्छ राखणारी द्रव्ये तेलातच मिसळू लागले. इंजिनांचे भाग अधिक काटेकोर बनू लागले, इंधन शुद्ध झाले. आज बहुतेक पेट्रोल मोटारींच्या पुस्तिकेत 10,000 किलोमीटर किंवा 1 वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते, असा नियम आढळतो. शंभर-सव्वाशे वर्षांत मुदत आठपट झाली. कारखानदारास केवळ तेलच विकावयाचे असते तर मुदत वाढविण्याऐवजी त्याने कमी केली असती, एवढे पहिल्या पक्षाच्या समाधानास पुरे व्हावे.

मध्यंतरी महायुद्धाने सर्वांचीच परीक्षा पाहिली. पेट्रोल मिळेना, तेव्हा हिंदुस्थानात अनेक बस कोळशाच्या वायूवर चालविल्या गेल्या. गाडीच्या मागे किंवा बाजूस भट्टी, तीत लोणारी कोळसा, आणि निघालेला वायू गाळून इंजिनात. त्या गाळण्या व भट्टीतील राख रोजच्या रोज साफ केली नाही तर दुसऱ्या दिवशी गाडी निघत नसे. ज्यांना रोज पहाटे गाडी निरखण्याची सवय आधीपासून होती त्यांचे निभावले. इतरांचे हाल झाले.

1 जून 1948 रोजी पुण्याहून नगरला मुंबई राज्याची पहिली एस.टी. धावली, तेव्हा परभणी अद्याप निजामाच्या राज्यात होते. सप्टेंबरात ते राज्य संपले. 1 नोव्हेंबर 1951 रोजी रस्ता-वाहतूक खाते रेल्वेपासून निराळे झाले. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि 1961 मध्ये येथील वाहतूक महाराष्ट्राच्या राज्य परिवहन महामंडळात मिळाली. खात्याच्या पाट्या चार वेळा बदलल्या, परंतु आगारातील रात्रीची रीत बदलली नाही. शेवटची फेरी करून आलेली बस धुवावयाची, चालकाने लिहून दिलेला दोष पहावयाचा, तेल-पाणी-हवा तपासावयाची आणि ठराविक दिवशी तिला खड्ड्यावर घेऊन खालून तपासावयाची. मोठ्या कामास मराठवाड्यातील गाड्या चिकलठाण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळेत जातात. गंगाखेडच्या किंवा जिंतूरच्या आगारातून पहाटेची गाडी निघते ती रात्रपाळीच्या त्या माणसांच्या जिवावर, आणि उतारूंपैकी फारच थोडे त्यांना ओळखतात. गाड्या जुन्या आहेत, सुटे भाग वेळेवर येत नाहीत, अशी ओरड असते व ती पुष्कळदा रास्त असते. पण ज्या वर्षी भाग मिळत नाहीत त्या वर्षीच या रीतीची किंमत अधिक कळते.

परभणीकरांस आणखी एक धडा ट्रॅक्टरने दिला आहे. ट्रॅक्टरची मुदत किलोमीटरात नसून तासांत मोजतात. दिवसभर नांगरणी केली तरी अंतर कितीसे भरणार? इंजिन मात्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत भाराखाली चालते. अनेक ट्रॅक्टरांत आत येणारी हवा तेलाच्या भांड्यातून जाते व धूळ त्या तेलात बसते. धुळीचे काम असेल तर हे भांडे रोज पहावे, असे पुस्तिकेतच सांगितलेले असते. वैशाखात ढेकळे फोडणाऱ्या माणसास याचे कारण विचारावे लागत नाही.

आता मोटारीच्या पुस्तिकेकडे पुन्हा वळावे. मुख्य कोष्टकाच्या मागे बहुधा बारीक अक्षरांत दुसरे एक कोष्टक असते. ज्या मोटारी धुळीच्या रस्त्याने जातात, कडक उन्हात चालतात, वारंवार अगदी थोड्या अंतराच्या फेऱ्या करतात किंवा जड ओझे ओढतात, त्यांच्यासाठी मुदती याहून कमी. काही बाबतीत तर निम्म्या. परभणी जिल्ह्यातील किती मोटारी या यादीबाहेर राहतील? उन्हाळ्यात येथे पारा चाळीस अंशांवर जातो. पाथरी-सोनपेठकडील आडरस्त्यांवर ऊस व कापूस वाहणाऱ्या गाड्यांमागून जाताना काचा लावूनही धूळ आत येते. शहरातील मोटार पहावी तर घरून शाळा, शाळेतून बाजार, एवढीच तिची धाव. इतक्यात इंजिन पुरते तापतही नाही. आत जमणारा ओलावा व पेट्रोल उडून न जाता तेलातच राहते. वर्षभरात काटा तीन हजारांनीच सरकला म्हणून तिचा मालक निश्चिंत असतो, आणि ‘किंवा 1 वर्ष’ हे शब्द त्याच्याचसाठी लिहिलेले असतात.

तेलाकडे दुर्लक्ष झाले तर इंजिन बिघडते, पैसा जातो. ब्रेकचे निराळे आहे. ब्रेकमध्ये भरलेले तेल हवेतील ओलावा हळूहळू शोषून घेते. पाणी मिसळलेले हे तेल लवकर उकळते. उतारावर ब्रेक सतत दाबून ते तापले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पायाखालचा दांडा एकाएकी पोकळ लागतो. सपाट रस्त्यावर वर्षानुवर्षे याचा पत्ता लागत नाही. जिंतूरकडील डोंगरात किंवा बालाघाटाच्या उतारावर, कुटुंब बरोबर असता, तो प्रथमच लागावा ही गोष्ट भयंकर आहे. म्हणून बहुतेक पुस्तिकांत हे तेल सुमारे 2 वर्षांनी बदलावयास सांगितलेले असते, मग गाडी कितीही थोडी चाललेली असो. येथे बैलगाडीप्रमाणे आगाऊ कुरकुरही ऐकू येत नाही.

खंडेनवमीस गॅरेजांत, आगारांत व घरोघरच्या अंगणांत गाड्या धुऊन, हळद-कुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून उभ्या केल्या जातात. पावसाळ्याचा चिखल नुकताच सरलेला असतो व लांबच्या प्रवासाचे दिवस पुढे असतात. त्याच दिवशी कोणी पुस्तिका खणातून काढून मागील वर्षीची तारीख पाहिली, तर पूजेत काही उणे येईल असे वाटत नाही.

आता विजेच्या गाड्या आल्या आहेत. 1948 मध्ये पहिली एस.टी. ज्या पुणे-नगर रस्त्याने धावली, त्याच रस्त्यावर 1 जून 2022 रोजी महामंडळाची विजेवर चालणारी ‘शिवाई’ बस सुरू झाली. अशा गाडीच्या कोष्टकातून इंजिनाच्या तेलाचा रकाना नाहीसा झाला आहे. ब्रेकचे तेल, टायर आणि बॅटरी थंड ठेवणारे पाणी यांचे रकाने आहेत, आणि त्यांच्यापुढे महिन्यांचे व किलोमीटरांचे आकडे आहेत.