घरचा संगणक टीव्हीच्या पडद्यावर

दिवाणखान्याच्या भिंतीवर बत्तीस किंवा त्रेचाळीस इंचांचा टीव्ही असतो आणि त्याच खोलीच्या कोपऱ्यात घरातली चार माणसे लॅपटॉपच्या चौदा इंची पडद्यावर लग्नाची छायाचित्रे पाहण्यासाठी दाटीवाटीने बसलेली असतात, हे दृश्य शहरी घरांत नवे नाही. २०२० च्या टाळेबंदीत शाळा संगणकावर भरू लागली, तेव्हा लहान पडद्याची ही अडचण अनेक पालकांना प्रकर्षाने जाणवली. संगणक टीव्हीला जोडता येईल का, हा प्रश्न त्यातूनच पुढे येतो. त्याचे उत्तर बहुतेक वेळा होकारार्थी आहे. तरीही बाजारातून वायर आणून जोडणाऱ्यांपैकी काहींच्या पदरी निराशा येते. वायर दोन्ही टोकांना नीट बसते, पडदा मात्र काळाच राहतो.

याचे कारण एका वाक्यात सांगता येते: तोंड जुळले म्हणजे संकेत जुळले असे नव्हे. संगणक कोणत्या प्रकारचे चित्रसंकेत बाहेर पाठवतो आणि टीव्ही कोणते संकेत स्वीकारतो, हे आधी पाहिले, तर अनावश्यक खर्च टळतो.

जुने नाते, मधला दुरावा

घरगुती संगणकाचा पहिला पडदा टीव्हीचाच होता. १९८२ मध्ये बाजारात आलेले कमोडोर ६४ आणि झेडएक्स स्पेक्ट्रम हे संगणक म्हणजे मुख्यतः एक कळफलक होता. चित्र पाहण्यासाठी तो घरच्या टीव्हीच्या अँटेनाच्या सॉकेटला जोडावा लागे. संगणकातील एक लहान मंडल चित्राचे रूपांतर टीव्हीच्या वाहिनीसारख्या लहरींत करी आणि टीव्हीवर ती वाहिनी लावली की संगणकाचे चित्र दिसे. भारतातही १९८६ च्या सुमारास स्पेक्ट्रमची परवानाप्राप्त आवृत्ती विकली जाऊ लागली होती.

परंतु टीव्ही हा वाचण्यासाठी बनवलेला नव्हता. भारतात स्वीकारलेल्या पाल पद्धतीत चित्राच्या ६२५ रेषा असतात, त्यांपैकी ५७६ रेषाच प्रत्यक्ष चित्राच्या असतात. त्याही एकदम न रेखता आधी विषम व मग सम अशा दोन फेऱ्यांत रेखल्या जातात. हलत्या चित्रासाठी ही युक्ती उत्तम होती. बारीक अक्षरांसाठी मात्र ती गैरसोयीची ठरली, कारण अक्षराची आडवी रेघ त्यामुळे थरथरताना दिसते. कार्यालयीन कामासाठी संगणकाला स्वतःचा मॉनिटर मिळाला. १९८७ मध्ये आयबीएमने व्हीजीए हे पंधरा पिनांचे जोडणीचे मानक आणले आणि दोन्ही पडद्यांचे मार्ग वेगळे झाले. डिसेंबर २००२ मध्ये एचडीएमआयचे पहिले मानक जाहीर झाले आणि सपाट पडद्यांच्या टीव्हीबरोबर ते घरोघरी पोहोचले, तेव्हा हा दुरावा संपला.

आधी दोन्ही यंत्रांची पाठ पाहा

खरेदीला निघण्यापूर्वी टीव्ही व संगणक या दोहोंच्या मागील व बाजूच्या सॉकेटचे मोबाइलवर छायाचित्र काढून घ्यावे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत दुकानदाराला तोंडी वर्णन करण्यापेक्षा ते छायाचित्र दाखवणे अधिक उपयोगी पडते. साधारणपणे पुढील प्रकार आढळतात.

एचडीएमआय : चपटे, खालच्या बाजूचे दोन कोपरे तिरके कापलेले तोंड. चित्र व आवाज दोन्ही एकाच केबलमधून अंकीय स्वरूपात जातात.

डीव्हीआय : १९९९ मधले, पांढऱ्या रंगाचे रुंद तोंड. यातील अंकीय संकेत एचडीएमआयशी जुळणारे असल्यामुळे साधा जोड पुरतो. आवाज मात्र बहुधा वेगळा न्यावा लागतो.

डिस्प्लेपोर्ट : एकच कोपरा कापलेले तोंड. संगणकाकडून टीव्हीच्या एचडीएमआयकडे जाणारा जोड सहज मिळतो.

यूएसबी-सी : नव्या लॅपटॉपवरचे लहान लंबगोल तोंड. सर्वच यूएसबी-सी तोंडांतून चित्र बाहेर येत नाही. काहींतून केवळ विद्युतभारण व माहितीची देवाणघेवाण होते. जोड विकत घेण्यापूर्वी लॅपटॉपच्या माहितीपुस्तिकेत खात्री करून घ्यावी.

व्हीजीए : पंधरा पिनांचे, बहुधा निळे तोंड. यातून केवळ चित्र जाते.

एव्ही : पिवळे, लाल व पांढरे असे तीन गोल सॉकेट. पिवळ्यातून चित्र, तर उरलेल्या दोहोंतून आवाज जातो.

टीव्हीला यूएसबीचे सॉकेट असते, म्हणून दोन्ही टोकांना यूएसबी असलेली केबल घेऊन संगणक जोडण्याचा प्रयत्न करू नये. ते सॉकेट पेनड्राइव्ह वाचण्यासाठी असते, संगणकाचे चित्र घेण्यासाठी नव्हे.

नव्या टीव्हीची जोडणी

दोन्हीकडे एचडीएमआय असेल, तर काम पाच मिनिटांचे आहे. केबल जोडावी आणि टीव्हीच्या रिमोटवरील 'सोर्स' किंवा 'इनपुट' ही कळ दाबून केबल ज्या क्रमांकाच्या सॉकेटला जोडली तो क्रमांक निवडावा. पडदा काळा राहण्याचे सर्वांत सामान्य कारण चुकीचा क्रमांक हेच असते. टेबलावरील संगणकात स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असेल, तर केबल त्या कार्डाच्याच सॉकेटला जोडावी, मदरबोर्डवरील सॉकेटला नव्हे.

त्यानंतर विंडोजची कळ दाबून ठेवून 'पी' दाबावे. चार पर्याय दिसतात. पहिल्यात चित्र केवळ संगणकावर राहते, 'डुप्लिकेट' मध्ये दोन्हीकडे तेच चित्र दिसते, 'एक्स्टेंड' मध्ये टीव्ही हा संगणकाच्या पडद्याचा वाढीव भाग होतो आणि शेवटच्या पर्यायात चित्र केवळ टीव्हीवर जाते. चित्रपट पाहताना शेवटचा पर्याय उत्तम, कारण 'डुप्लिकेट' मध्ये दोन पडद्यांना मानवेल अशी तडजोड होऊन टीव्हीवरचे चित्र अनेकदा निकृष्ट दिसते.

पाच मीटरपर्यंतच्या साध्या केबलमधून १९२० गुणिले १०८० बिंदूंचे चित्र सहसा नीट जाते. त्याहून लांब अंतरासाठी सक्रिय किंवा प्रकाशतंतूची केबल घ्यावी. अशा केबलला दिशा असते. तिचे एक टोक संगणकाचे व दुसरे टीव्हीचे असे ठरलेले असून तसे त्यावर छापलेले असते. टीव्ही फोर-के असेल, तर एचडीएमआयची आवृत्तीही महत्त्वाची ठरते. २००९ च्या १.४ या आवृत्तीत फोर-के चित्र सेकंदाला तीसच वेळा बदलते, त्यामुळे माउसचा बाण अडखळत सरकल्यासारखा वाटतो. २०१३ च्या २.० या आवृत्तीपासून हा वेग साठपर्यंत गेला. जुन्या लॅपटॉपवर बाण अडखळत असेल, तर चित्राचे बिंदू कमी करून १९२० गुणिले १०८० ठेवावेत, हालचाल सुरळीत होते.

पिक्चर ट्यूबचा जुना टीव्ही

काही घरांत पिक्चर ट्यूबचा जुना टीव्ही अजून उत्तम चालतो. तो संगणकाला जोडताना पैसे वाया जाण्याचा संभव सर्वाधिक असतो. एका टोकाला व्हीजीए किंवा एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला लाल, पांढरी व पिवळी पिन असलेली स्वस्त केबल बाजारात मिळते. ती बसते, पण नेहमीच्या संगणकावर चालत नाही. व्हीजीएच्या किमान चित्रातही संगणक सेकंदाला सुमारे ३१,५०० रेषा पाठवतो, तर पाल टीव्ही सेकंदाला १५,६२५ रेषाच रेखू शकतो. एचडीएमआयचे संकेत तर अंकीय असतात. केवळ तांब्याची तार हे रूपांतर करू शकत नाही. त्यासाठी आत मंडल असलेला आणि स्वतंत्र वीज लागणारा कन्व्हर्टर हवा.

कन्व्हर्टर घेतानाही दिशा पाहावी. 'एचडीएमआय टू एव्ही' आणि 'एव्ही टू एचडीएमआय' या दोन डब्या दिसायला सारख्या, पण कामाने परस्परविरुद्ध आहेत. संगणक जुन्या टीव्हीला जोडण्यासाठी पहिली डबी लागते. तिच्यावर पाल व एनटीएससी असा खटका असल्यास तो पालवर ठेवावा, अन्यथा चित्र वर-खाली फिरू शकते किंवा रंगहीन दिसते.

या जोडणीकडून वाजवी अपेक्षा ठेवावी. चित्रपट, जुनी छायाचित्रे, मुलांचे खेळ, गाणी यांसाठी असा टीव्ही पुरेसा आहे. पत्रव्यवहार किंवा हिशेबाचे तक्ते त्यावर वाचण्याचा अट्टहास डोळ्यांना त्रासदायक ठरेल. कन्व्हर्टरमधून काही चित्रपटसेवांचे चित्र दिसत नाही आणि आवाज तेवढा येतो. तो बिघाड नसून नक्कल रोखण्यासाठी त्या सेवांनी घातलेल्या संरक्षणाचा परिणाम असू शकतो.

कडा कापल्या जातात, अक्षरे फुटतात

चित्र आले, पण खालची पट्टी किंवा घड्याळ दिसत नाही, ही तक्रार नेहमीची आहे. पिक्चर ट्यूबच्या काळात चित्राच्या ओबडधोबड कडा लपवण्यासाठी ते किंचित मोठे करून दाखवले जाई. ही सवय सपाट पडद्यांनीही जपली. टीव्हीच्या चित्रविषयक पर्यायांत 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट' किंवा 'फुल' अशा नावाचा पर्याय निवडला की संपूर्ण चित्र दिसू लागते.

अक्षरे अस्पष्ट दिसण्याची कारणे दोन. पहिले म्हणजे बिंदूंची संख्या. संगणक आणि टीव्ही यांची बिंदुसंख्या एकच असेल, तरच अक्षर रेखीव दिसते. दुसरे कारण टीव्हीची 'सुधारणा'. चित्र उठावदार करण्यासाठी टीव्ही प्रत्येक कडेला धार लावतो आणि रंगांचे तपशील कमी करतो. चेहऱ्यावर ते खपून जाते, पण लाल किंवा निळ्या अक्षरांभोवती डाग दिसू लागतात. त्या इनपुटचे नाव किंवा प्रकार 'पीसी' असा ठेवल्यास अनेक टीव्ही ही प्रक्रिया थांबवतात. खेळांसाठी 'गेम' हा प्रकार निवडल्यास कळ दाबणे आणि पडद्यावर हालचाल होणे यांतला विलंब घटतो.

पडदा सात-आठ फुटांवर असल्याने अक्षरांचा आकारही वाढवावा. विंडोजच्या पडद्याविषयीच्या सेटिंगमध्ये 'स्केल' हा पर्याय असतो. तो दीडशे टक्के किंवा अधिक ठेवून पाहावा. घरातील ज्येष्ठांच्या दृष्टीने हा एकच बदल सर्वांत उपयोगाचा ठरतो.

आवाज आणि बिनतारी मार्ग

चित्र टीव्हीवर आणि आवाज लॅपटॉपमधून, असे झाल्यास घाबरू नये. पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातील ध्वनिचिन्हावरून आवाजाचे साधन म्हणून टीव्हीचे नाव निवडावे. व्हीजीएची जोडणी असल्यास आवाजासाठी हेडफोनच्या सॉकेटमधून टीव्हीच्या 'ऑडिओ इन' पर्यंत वेगळी केबल न्यावी लागते.

केबल नकोच असेल, तर विंडोजची कळ आणि 'के' दाबून जवळचा स्मार्ट टीव्ही शोधता येतो. टीव्हीने मिराकास्टची सोय दिलेली असावी लागते. अॅपलच्या संगणकांसाठी एअरप्लेची सोय असलेला टीव्ही हवा. छायाचित्रे व सादरीकरणे यांसाठी हा मार्ग सोयीचा आहे. परंतु बिनतारी चित्र थोडे उशिरा पोहोचते आणि शेजारपाजारच्या वायफायच्या गर्दीत अडखळते. परीक्षा, मुलाखत किंवा महत्त्वाची बैठक असेल, तेव्हा केबलच वापरावी.

सुरक्षिततेचे पथ्य

संगणकाच्या किंवा टीव्हीच्या धातूच्या भागाला हात लावताच मुंग्या येत असतील, तर त्याकडे दुर्लक्ष करू नये. असा प्रकार अर्थिंग नसलेल्या घरांत आणि तीन पिनांच्या प्लगची अर्थची पिन काढून टाकलेल्या ठिकाणी आढळतो. दोन्ही यंत्रे एकाच चांगल्या अर्थिंगच्या बोर्डवरून चालवावीत. पहिल्यांदा जोडताना दोन्हींचे प्लग काढून, टीव्हीला येणारी केबल-वाहिनीची तारही सोडवून मगच जोडणी करावी. ती तार इमारतीच्या गच्चीवरून येते व तिची विद्युतपातळी घरातल्या अर्थिंगपेक्षा वेगळी असू शकते. हा फरक संगणकाचे सॉकेट जाळू शकतो. वळिवाच्या दिवसांत विजा चमकू लागल्या, की केवळ बटण बंद करून न थांबता प्लग व ती तार दोन्ही काढावीत.

पिक्चर ट्यूबच्या टीव्हीचे मागचे झाकण कोणत्याही कारणाने उघडू नये. रंगीत ट्यूबला वीस हजार व्होल्टहून अधिक दाब लागतो आणि टीव्ही बंद केल्यानंतरही तो काही काळ आत साठून राहतो. ओलेड प्रकारच्या पडद्यावर संगणकाचे एकच स्थिर चित्र तासन्‌तास ठेवू नये, त्याचा कायमचा ठसा उमटू शकतो. स्क्रीन पाच-दहा मिनिटांनी आपोआप बंद होईल अशी योजना करावी.

थोडक्यात, क्रम असा ठेवावा : आधी दोन्ही यंत्रांची पाठ पाहावी, मग संकेताचा प्रकार व दिशा ठरवावी आणि शेवटी केबल विकत घ्यावी. अनेकजण हा क्रम उलटा करतात आणि मग दोष टीव्हीला किंवा संगणकाला देतात. हा क्रम पाळला, तर घरातला जुना टीव्ही भंगारात काढण्यापूर्वी त्याला आणखी काही वर्षांचे काम देता येईल आणि नवा टीव्ही संध्याकाळच्या मालिकांपलीकडेही घराच्या उपयोगी पडेल.