धावत्या कुत्र्याचा फोटो : नवा कॅमेरा घेणाऱ्यांसाठी

सांगोला (प्रतिनिधी) : डाळिंबाची पट्टी एका साली बरी आली, तेव्हा मी कॅमेरा घेतला. कॅनन 1500डी, सोबत मिळणारी 18-55 लेन्स आणि जास्तीचे पैसे घालून 55-250 ची लांब लेन्स. बातमीला सभा, पंचनामा, रास्ता रोको एवढंच काढायचं असतं आणि त्यात माणसं उभीच असतात, त्यामुळं महिनाभरात मला वाटलं, आपल्याला जमलं.

त्याच दिवाळीला आमच्या शिवारात मेंढरं बसली होती. मेंढपाळ मामा म्हणाले, "पत्रकार, आमच्या काळ्याचा पळतानाचा फोटो काढून द्या. चार दिसांत वाडा हलणार. आता वयबी झालंय त्याचं." काळ्या म्हणजे कारवानी रक्ताचा उंच, सडपातळ, काळाभोर कुत्रा, गळ्यात खिळ्यांचा पट्टा. मी संध्याकाळी सहाच्या सुमारास गेलो. मामांनी शीळ घातली, काळ्या सुटला आणि मी बटण दाबत राहिलो. दोनशेच्या वर फोटो काढले. घरी येऊन मोठ्या पडद्यावर बघितले तर कुठं काळा धूर, कुठं नुसती शेपटी. मागची बाभळ मात्र काट्याकाट्यानं स्पष्ट. मामा हसून म्हणाले, "तुमच्या यंत्रात काळ्या मावला न्हाय म्हणायचं. पुढल्या साली काढा."

पुढल्या साली पावसाच्या तोंडाला वाडा परत आला, पण काळ्या नव्हता. रात्रीच्या वाटचालीत हमरस्त्यावर गाडीखाली गेला.

त्यानंतर मी हे नीट शिकायला घेतलं. गावात आता बऱ्याच पोरांकडं कॅमेरे आलेत, मोबाईल तर सगळ्यांकडं आहेत. माझ्या चुका कुठं झाल्या आणि आता मी काय करतो, ते खाली देतोय.

शटरचा हिशेब

त्या संध्याकाळच्या फोटोंची माहिती कॅमेऱ्यात उघडून बघितली, तर शटर 1/80 पडला होता. म्हणजे एका सेकंदाच्या 80 व्या भागाएवढा वेळ कॅमेऱ्याचा डोळा उघडा होता. आता समजा कुत्रं तासाला 40 किलोमीटरनं पळतंय. म्हणजे सेकंदाला 11 मीटर. 1/80 एवढ्या वेळात ते जवळजवळ 14 सेंटिमीटर पुढं गेलं. तेवढं सगळं फोटोत पुसल्यासारखं येणारच. 1/250 ला हेच अंतर साडेचार सेंटिमीटर होतं, 1/1000 ला जेमतेम एक. पाय तर अंगापेक्षाही जोरात पुढं फेकला जातो, म्हणून 1/1000 लाही कधी कधी पंजा हललेला येतो. तेवढा आलेला मला आवडतो, पळतंय असं वाटतं. पण डोळा धारदार पाहिजे.

तर चालत्या कुत्र्याला 1/250, दुडक्या चालीला 1/500, सुसाट पळणाऱ्याला 1/1000 ते 1/2000. हे आकडे वहीवर लिहून ठेवा.

कॅमेऱ्याची चकती हिरव्या ऑटोवर असेल तर हा आकडा तुमच्या हातात राहत नाही. कॅननमध्ये चकतीवर "टीव्ही" लिहिलेलं असतं. दूरदर्शनशी त्याचा काही संबंध नाही, त्या मोडमध्ये शटर आपण ठरवतो. निकॉन आणि सोनीत त्या जागी "एस" असतं. तिथं चकती लावून 1/1000 करायचं आणि आयएसओ ऑटोवर सोडायचं. स्वच्छ उन्हात एफ 5.6 ला आयएसओ 200 वर 1/1600 सहज मिळतो. सूर्य कलला की आयएसओ चढत जातो, फोटोत रवाळपणा येतो. रवाळ चालेल, हललेला चालत नाही. पडद्यात आकडा लुकलुकायला लागला तर समजायचं, उजेड पुरत नाही, आता घरी जावं.

मी सहा वाजता गेलो हीच पहिली चूक. सकाळी सात ते नऊ किंवा दुपारी चार ते साडेपाच, सूर्य आपल्या पाठीशी. एप्रिल-मेमध्ये फक्त सकाळ धरा, कारण तापल्या जमिनीवर कुत्र्याचे पंजे भाजतात आणि त्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच ते थंड होतं. पाच-सहा फेऱ्या झाल्या की पाणी द्या आणि थांबा. भाकरी खाल्ल्या खाल्ल्या पळवू नका.

फोकस कुत्र्याच्या मागं पळाला पाहिजे

दुसरी चूक फोकसची. साध्या सेटिंगला बटण अर्धं दाबलं की कॅमेरा एकदा फोकस धरतो आणि तिथंच थांबतो. उभ्या माणसाला ते ठीक, पण कुत्रं तोवर दोन मीटर पुढं आलेलं असतं. कॅननमध्ये "एआय सर्वो", निकॉन-सोनीत "एएफ-सी" लावा. मग बटण अर्धं दाबून धरलं की कॅमेरा फोकस सारखा बदलत राहतो.

कॅमेऱ्याला नऊ ठिपके असतील तर सगळे चालू ठेवू नका. तो जवळचं किंवा ठळक काहीतरी पकडतो, माझ्या बाबतीत बाभळ पकडली. मधला एकच ठिपका ठेवा, तोच सगळ्यांत तरबेज असतो. तो कुत्र्याच्या तोंडावर किंवा मानेवर ठेवत कॅमेरा फिरवायचा. काळ्या कुत्र्यावर आणखी एक अडचण येते. कॅमेऱ्याला फोकस धरायला उजेड-अंधाराची कड लागते आणि सपाट काळ्या कातडीवर ती सापडत नाही. मग ठिपका पट्ट्यावर किंवा कानाच्या कडेवर धरायचा. काळ्याच्या दोनशे फोटोंत एकच बरा निघाला, त्यात ठिपका चुकून पट्ट्यावर पडला होता.

नव्या मिररलेस कॅमेऱ्यांत प्राण्याचा डोळा आपोआप ओळखणारी सोय येते. माझ्या ओळखीच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरकडं तसा आहे, तो वापरून बघितला. खरंच सोपं जातं. पण पैसे नसतील तर अडून बसण्यासारखं काही नाही.

आणि गोवरीची युक्ती. कुत्रं कुठून पळत येणार हे ठरलेलं असेल तर वाटेवर एक गोवरी ठेवा. त्या गोवरीवर फोकस धरून लेन्सवरची कळ "एमएफ" वर करा, म्हणजे फोकस हलणार नाही. कुत्रं गोवरीपाशी पोचायच्या किंचित आधी बटण दाबा. जुन्या काळी ऑटोफोकस नव्हता तेव्हाचे लोक असंच काढायचे.

बटण कधी दाबायचं

माझा कॅमेरा सेकंदाला तीनच फोटो काढतो. 11 मीटरला तीन भागा. दोन फोटोंच्या मधे कुत्रं साडेतीन मीटरच्या वर गेलेलं असतं. म्हणून बटण दाबून धरलं की एखादा तरी चांगला येईल, ही आशा खोटी आहे. पळण्याची लय बघावी लागते.

कारवानी, मुधोळ, ग्रेहाउंड ही लांब पायांची कुत्री सुसाट पळताना एका झेपेत दोनदा हवेत असतात. एकदा चारी पाय लांब ताणलेले आणि एकदा चारी पाय पोटाखाली गोळा झालेले. घोडा एकदाच असतो, पाय गोळा झाल्यावर. हे साध्या डोळ्याला दिसत नव्हतं. 1878 मध्ये अमेरिकेत एडवर्ड मायब्रिज यानं ओळीनं कॅमेरे लावून घोड्याचे फोटो काढले तेव्हा ते पक्कं कळलं. नंतर 1887 मध्ये त्याचा जनावरांच्या हालचालींचा मोठा संग्रह निघाला, त्यात पळणारी कुत्रीही आहेत.

आपल्या कामाचं एवढंच की ताणलेल्या अंगाचा फोटो सगळ्यांना आवडतो, गोळा झालेल्याचा कमी जणांना. पाय गोळा झालेले दिसले की लगेच दाबायचं. बोट दाबून फोटो निघेपर्यंत अंग ताणलेलं असतं. माझे पहिले पन्नास-साठ वाया गेले, मग बोटाला लय कळली. आधी आपल्या घरच्या कुत्र्यावर सराव करा, लोकांच्या नको.

मागची झाडं ओढल्यासारखी आणि कुत्रं तेवढं स्पष्ट, असा फोटो पाहिजे असेल तर उलट करायचं. शटर 1/60 वर आणा, कुत्रं आडवं पळू द्या आणि त्याच्या वेगानं कंबरेतून वळत कॅमेरा फिरवा. बटण दाबल्यावरही फिरवणं थांबवायचं नाही, चेंडू मारल्यावर बॅट पुढं जाते तसं. दहात एक जमला तरी भारी समजा.

काळं कुत्रं, पांढरं कुत्रं

कॅमेरा समोरचं सगळं मध्यम उजेडाचं धरून चालतो. वाळल्या पिवळ्या गवतात काळं कुत्रं असेल तर तो गवताकडं बघून फोटो ठरवतो आणि कुत्र्याचा नुसता काळा डाग होतो. तिथं उजेडाची पट्टी अधिक एकवर न्या. काळ्या रानात पांढरं कुत्रं असेल तर बरोबर उलट. मातीमुळं कॅमेरा फोटो उजळ करतो आणि कुत्रं चुन्यासारखं जळतं. तिथं उणे एक. पहिली फेरी झाली की पडद्यावर बघून ठरवा.

कुठं बसायचं, कुणी सोडायचं

उभं राहून काढलेला कुत्र्याचा फोटो म्हणजे पाठीचा फोटो. गुडघ्यावर बसा, कॅमेरा कुत्र्याच्या छातीच्या उंचीला आणा. दोन माणसं पाहिजेत. एकानं पन्नास पावलांवर कुत्रं धरायचं आणि मालकानं तुमच्या मागून किंवा बाजूनं हाक मारायची. सुरुवातीला आडवं पळवा. समोरून अंगावर येणारं कुत्रं फोकसमध्ये धरणं सगळ्यांत अवघड.

परक्या कुत्र्यापुढं मालक नसताना खाली बसू नका. मेंढरांजवळचं, वाघुरीजवळचं कुत्रं तर राखणीलाच असतं. पिल्लं असलेल्या कुत्रीजवळ जाऊ नका, भटक्याला दगड मारून पळवून फोटो काढू नका. चावलंच, नुसतं खरचटलं तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुवा. मिरची, चुना, हळद काही भरू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि लशीचे सगळे डोस पूर्ण करा. रेबीजची लक्षणं दिसल्यावर माणूस वाचत नाही म्हटलं तरी चालेल.

आणखी एक. काही जण फोटोसाठी, व्हिडिओसाठी सशामागं कुत्री सोडतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ससा मारणं तर गुन्हा आहेच, शिकारीसाठी त्याच्यामागं कुत्री सोडणंही शिकारीतच धरतात. वर तो व्हिडिओ स्टेटसला ठेवणारे म्हणजे आपल्याच हातानं पुरावा देणारे. कुत्र्याला पळवायला मालकाची शीळ पुरते, नाहीतर भाकरीचा तुकडा.

मोबाईलवाल्यांसाठी

भरपूर ऊन पाहिजे, हे पहिलं. मोबाईलमध्ये "प्रो" मोड असेल तर शटर 1/1000 करा. नसेल तर 60 फ्रेमचा व्हिडिओ काढून त्यातली चांगली फ्रेम निवडा. फोटो लहान होतो, पण क्षण सापडतो. कुत्रं यायच्या जागेवर पडद्यावर बोट दाबून धरलं की बऱ्याच मोबाईलमध्ये फोकस तिथं पक्का होतो, म्हणजे गोवरीची युक्ती इथंही चालते. झूम करू नका, नंतर कापून घ्या. आणि लेन्स धोतराच्या, साडीच्या सोग्यानं का होईना, पुसा. निम्मे धुरकट फोटो हाताच्या तेलामुळं येतात.

पोर्टलला फोटो पाठवताना व्हॉट्सअॅपवर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा. साधा पाठवला की तो दाबून लहान होतो आणि मग आमच्या डेस्कवरून फोन येतो.

मालकाला मात्र छापूनच द्या. 4 बाय 6 इंचाच्या छापील फोटोला 1800 बाय 1200 ठिपके पुरतात, म्हणजे 24 मेगापिक्सेलमधून बरंच कापलं तरी चालतं. काळ्याचा तो एक फोटो मी असाच कापून, तालुक्याच्या लॅबमधून छापून मामांना दिला. पट्टा आणि एक कान स्पष्ट आहे, बाकी अंग पुसट. मामांनी तो मोबाईलच्या कव्हरमध्ये मागच्या बाजूला घातलाय. आता त्यांच्याकडं काळ्याचंच एक पिल्लू आहे, तांबडं, वर्षाचं झालंय. यंदा वाडा हलायच्या आधी, सकाळी सातला यायचं ठरलंय.