वाग्नरने केलेली बाकं

मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे दीड महिना कॉम्प्युटरसमोर बसायला बंदी होती. ती परवा उठली. पडल्या पडल्या जे मनात घोळत होतं ते आज लिहून टाकते. लांबेल, आधीच सांगून ठेवते. भाचरांना "मावशीचा पुन्हा इतिहासाचा तास!" असं म्हणायचं असेल तर खुशाल म्हणावं.

२०१४ साली धाकटीकडे व्हिएन्नाला महिनाभर राहिले होते. पहिले आठ दिवस सगळे दाखवतात तेच पाहिलं. राजवाडे, ऑपेरा, पुतळे. खरं सांगू का, चौथ्या राजवाड्याला माझे पाय दुखायला लागले आणि डोळेही. मग एक दिवस कार्ल्सप्लाट्झ नावाच्या चौकात एक छोटीशी इमारत दिसली. हिरवं लोखंड, पांढरा संगमरवर, त्यावर सोनेरी सूर्यफुलं. मी लेकीला विचारलं, हे देऊळ कुणाचं? ती हसायला लागली. "आई, हे लोकल गाडीचं स्टेशन होतं."

त्या स्टेशनाचा कर्ता ऑटो वाग्नर. घरी येऊन त्याच्याविषयी मिळेल ते वाचायला लागले. आमचं शिक्षण बी.ए.पर्यंत मराठीतून, त्यामुळे इंग्रजी पुस्तक म्हणजे शेजारी डिक्शनरी हवीच. जर्मन तर लेकीच्या तोंडूनच. पण माणूस इतका ओळखीचा वाटत गेला की सोडवेना.

वाग्नरचा जन्म १८४१चा, व्हिएन्नाजवळच्या पेन्झिंगमधला. वडील सरकारदरबारी नोटरी होते, पण ते मुलाच्या लहानपणीच गेले. आईने वाढवलं, आणि या मुलाने जन्मभर आईला देवासारखं मानलं. शिक्षण व्हिएन्नात, मध्ये थोडं बर्लिनमध्ये आणि मग पुन्हा व्हिएन्नाच्या कला अकादमीत. तो सोळा वर्षांचा असताना, म्हणजे १८५७च्या डिसेंबरात, बादशहा फ्रान्झ योझेफने शहराभोवतीचा तट पाडायचा हुकूम काढला. (आपल्याकडे १८५७ म्हटलं की दुसरंच आठवतं, पण असो.) तटाच्या जागी रुंद गोल रस्ता झाला, तोच रिंगस्ट्रासे. पुढची तीस-पस्तीस वर्षं त्या रस्त्यावर बांधकामच बांधकाम. पार्लमेंट ग्रीक थाटाचं, नगरपालिका गॉथिक थाटाची, विद्यापीठ इटालियन थाटाचं. ज्याचं काम त्याला शोभेल असा जुना पोशाख इमारतीला चढवायचा, म्हणजे आर्किटेक्टचं काम झालं!

वाग्नरचे दोन गुरू, फान डेर न्युल आणि सिकार्ड्सबुर्ग, यांनी त्याच रस्त्यावर ऑपेरा हाउस बांधायला घेतलं. काम चालू असतानाच लोकांनी आणि वर्तमानपत्रांनी त्याची इतकी टर उडवली की १८६८ साली फान डेर न्युलने आत्महत्या केली. दोन-अडीच महिन्यांत सिकार्ड्सबुर्गही गेले. उद्घाटन झालं १८६९मध्ये, ते पाहायला दोघेही नव्हते. वाग्नर तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. लोकांच्या जिभेने काय होऊ शकतं हे त्याने जवळून पाहिलं होतं. त्याच्या पुढच्या वागण्याकडे पाहताना मी हे विसरू शकत नाही.

कारण पहिली पंचवीस वर्षं तो चाकोरीतच चालला. भाड्याची घरं बांधायची, एखाद्यात स्वतः राहायचं, मग विकून दुसरं बांधायचं. धंदा उत्तम चालला. बुडापेस्टमध्ये एक सिनेगॉग बांधलं, व्हिएन्नात लेंडरबँक बांधली, हुटेलडॉर्फला स्वतःसाठी खांबांचा टोलेजंग बंगला बांधला. पन्नाशीत तो खाऊनपिऊन सुखी, प्रतिष्ठित आर्किटेक्ट होता. तिथेच थांबला असता तर मी आज त्याच्यावर लिहीत नसते.

१८९३ साली शहराच्या वाढीचा आराखडा करण्याची स्पर्धा झाली. वाग्नरने आपल्या आराखड्यावर लॅटिनमध्ये एक ब्रीद लिहिलं. त्याचा अर्थ असा की कलेची मालकीण एकच, आणि ती म्हणजे गरज. दोन पहिली बक्षिसं दिली गेली, त्यातलं एक त्याला. पुढच्याच वर्षी तो अकादमीत प्राध्यापक झाला, आणि ज्यांनी त्याला जुन्या शैलींचा उत्तम जाणकार म्हणून नेमलं होतं त्यांना धक्का बसला. त्रेपन्न वर्षांचा हा माणूस पोरांना सांगू लागला की आपल्या काळाच्या माणसाला जे लागतं तिथूनच आपली वास्तुकला सुरू झाली पाहिजे. १८९६ साली त्याने हे 'मॉडर्ने आर्किटेक्टूर' या पुस्तकात छापूनही टाकलं.

मी स्वतः अठ्ठावीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. शेवटच्या वर्षीही टिपणांची वही पहिल्या पाच वर्षांतलीच होती. कोपरे दुमडलेले, शाई फिकटलेली. त्रेपन्नाव्या वर्षी वर्गात उभं राहून "मी आजवर केलं ते आता पुरे, आपण नव्याने सुरू करू" असं म्हणण्याला काय लागतं, ते मला चांगलं कळतं. मला ते जमलं नाही.

त्याच वेळी शहराची रेल्वे त्याच्याकडे आली. सुमारे चाळीस किलोमीटरचा मार्ग, तीसहून जास्त स्टेशनं, पूल, कमानी, कठडे, दिवे. सगळं एका हाताखाली, १९०१पर्यंत. त्याच्या कचेरीत तेव्हा ओल्ब्रिखसारखी पुढे नावाजलेली मुलं काम करत होती. बादशहासाठी हीट्झिंगला खास वेगळं स्टेशन केलं, आत रेशीम, गालिचे. बादशहाने ते जेमतेम दोनदा वापरलं म्हणतात. बाकीची स्टेशनं मात्र सामान्य माणसं रोज वापरत राहिली. आजही भुयारी रेल्वेच्या दोन मार्गांवर वाग्नरची स्टेशनं आहेत. कार्ल्सप्लाट्झची जोडी मात्र १९६०च्या दशकात पाडायला निघाले होते. विद्यार्थ्यांनी आरडाओरडा केला म्हणून वाचली, सुटी करून पुन्हा उभी केली.

मग पोस्टाची बचत बँक. आपल्याकडे पोस्टाचं बचत खातं १८८२ साली देशभर सुरू झालं, ऑस्ट्रियात १८८३ साली. म्हणजे दोघंही साधारण एका वयाचे! लहान माणसाच्या लहान ठेवीची ही बँक. १९०६ साली वाग्नरने तिची मोठी इमारत उभी केली. बाहेरून संगमरवराच्या पातळ फरश्या, आणि त्या बोल्टने बसवल्यात हे लपवलेलं नाही. उलट बोल्टची ॲल्युमिनियमची डोकी चमकतात. आतला मोठा हॉल काचेच्या छताचा आणि जमीनही काचेच्या विटांची, खालच्या मजल्यावर उजेड पोचावा म्हणून. गरम हवेचे नळकांडेसुद्धा उघडे, ॲल्युमिनियमचे. मी पाहिलं तेव्हा तिथे बँक होती. आता ती गेली आणि विद्यापीठाची मंडळी आली. आमच्या तालुक्याच्या पोस्टातली अंधारी खिडकी आठवून मी त्या हॉलमध्ये बराच वेळ उभी होते.

पण मला लिहायचं आहे ते चर्चबद्दल.

शहराच्या पश्चिमेला श्टाइनहोफ नावाच्या टेकडीवर मनोरुग्णांसाठी प्रचंड वसाहत उभी राहिली, सुमारे साठ इमारतींची. युरोपातल्या सर्वांत मोठ्या अशा रुग्णालयांपैकी एक. सगळ्यांत वर, सोनेरी घुमटाचं चर्च वाग्नरने १९०४ ते १९०७ या काळात बांधलं. घुमट इतका पिवळा चमके की लोक त्या टेकडीला लिंबाची टेकडी म्हणू लागले. रंगीत काचांच्या खिडक्या कोलोमान मोझरच्या. मोझेइकचं कामही त्यालाच मिळायचं होतं. पण त्याने लग्नासाठी कॅथलिक पंथ सोडला म्हणून ते हातचं गेलं. धर्माच्या नावाखाली काय काय चालतं, बघा!

आम्ही शनिवारी दुपारी गेलो. दाखवणाऱ्या बाई जर्मनमध्ये सांगत होत्या, लेक माझ्या कानात मराठीत. बाकांना कुठेही धारदार कोपरा नाही, कुणी अंग टाकून दिलं तर लागू नये म्हणून. बाकं लांबीला कमी, कुणाला झटका आला तर परिचारकाला पटकन पोचता यावं म्हणून. जमीन वेदीकडे उतरती, मागच्यालाही दिसावं आणि धुवायलाही सोपी जावी म्हणून. पवित्र पाण्याच्या कुंडात हात बुडवायचा नाही. पाणी वरून ठिबकतं, एकाचा रोग दुसऱ्याला लागू नये म्हणून. बायकांना आणि पुरुषांना वेगळी दारं. आतच डॉक्टरांची खोली. स्वच्छतागृहसुद्धा. १९०७ साली, चर्चमध्ये!

लेक बोलत होती आणि मी आत्याकडे पोचले होते.

घरात तिचं नाव फारसं निघत नसे, म्हणून धाकट्यांपैकी बऱ्याच जणांना ती माहीतही नसेल. माझ्या वडिलांची धाकटी बहीण. मी दहा वर्षांची असेन, अण्णा मला एकदा तिला भेटायला घेऊन गेले. कुठल्या गावी ते आता सांगण्यात अर्थ नाही. लांब ओसरी, भिंतीलगत सिमेंटचा कट्टा, त्याची कड सरळ रेघेत धारदार. आत्याच्या कपाळावर पट्टी होती. अण्णांनी विचारलं तर तिथला माणूस सहज म्हणाला, कट्ट्यावर आपटली, आपटतातच त्या. अण्णा काही बोलले नाहीत. येताना एसटीत त्यांनी मला लिमलेटच्या गोळ्या घेऊन दिल्या आणि स्वतः खिडकीबाहेर बघत राहिले. कट्ट्याची कड गोल करायला किती सिमेंट लागलं असतं?

वाग्नरने हे आपणहून केलं. वेड्यांनी थोडंच सांगितलं होतं त्याला?

ऑक्टोबर १९०७मध्ये उद्घाटनाला बादशहाचा पुतण्या आला, आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड. आम्ही शिक्षक मंडळी याला वर्गात फक्त १९१४ साली साराजेव्होत गोळी खाण्यापुरतं आणतो. त्याच्या आधी तो काय करत होता हे कुणी विचारत नाही. तर हा गृहस्थ चर्च पाहून म्हणाला, शेवटी मारिया थेरेसाच्या काळची शैलीच सगळ्यांत सुंदर. वाग्नरने उत्तर दिलं की महाराज, त्या काळी तोफांवरही नक्षी असे, आता तोफा साध्या गुळगुळीत असतात. त्या दोन वाक्यांची किंमत फार मोठी होती. राजघराण्याकडून त्याला पुन्हा काम मिळालं नाही. युद्ध मंत्रालयाच्या स्पर्धेत तो हरला. शहराच्या संग्रहालयाचे आराखडे तो वर्षानुवर्षं करत राहिला. दर्शनी भागाचा एक तुकडा कार्ल्सप्लाट्झवर खऱ्या मापात उभा करून दाखवला, लोकांनी भांडणं केली, आणि ते कधी बांधलंच गेलं नाही. निवृत्तीच्या वेळी आपल्या जागी प्लेचनिक या शिष्याला नेमावं असं त्याच्या बाजूने फार होतं, तेही वरून मोडण्यात आलं. प्लेचनिक स्लोव्हेनियाचा, आणि आर्चड्यूकचा त्याला विरोध होता असं मानतात. त्याच प्लेचनिकने पुढे प्रागच्या किल्ल्याचं काम केलं आणि आपलं ल्युब्लियाना गाव घडवलं. मास्तराला असा विद्यार्थी मिळावा!

शेवट मात्र वाईट झाला. दुसरी बायको लुइझं, त्याच्यापेक्षा अठरा वर्षांनी लहान, १९१५ साली गेली. तो तिला रोज पत्रं लिहीत राहिला, ती जिवंत असल्यासारखी, डायरीत. महायुद्धात शहरात अन्न मिळेना. काळ्या बाजारातून घ्यायचं नाही असा त्याचा हट्ट होता असं सांगतात. ११ एप्रिल १९१८ला तो स्वतःच बांधलेल्या घरात गेला, छहत्तराव्या वर्षी. त्याच वर्षी फेब्रुवारीत क्लिम्ट गेला, ऑक्टोबरात मोझर गेला, आणि नोव्हेंबरात ज्या साम्राज्याने त्याला कामं दिली आणि काढूनही घेतली तेच राहिलं नाही.

एक गोष्ट लिहू की नको, असं झालं होतं. १९४० ते १९४५ या काळात त्याच श्टाइनहोफच्या आवारात नाझींनी ७८९ आजारी आणि अपंग मुलांना मारलं. मोठ्या रुग्णांचा आकडा तर काही हजारांचा. त्या मुलांचं स्मारक आवारात आहे, दिव्यांचं. घुमट तिथून दिसतो.

त्या शनिवारी लोक बाहेर पडू लागले तेव्हा लेक म्हणाली, चल आई, बस चुकेल. मी म्हटलं, दोन मिनिटं. मागच्या एका बाकावर बसले आणि त्याच्या कडेवरून हात फिरवला. शंभर वर्षांच्या हातांनी लाकूड आणखी गुळगुळीत झालं होतं. बस चुकलीच. पुढची अर्ध्या तासाने होती.