टिपेश्वरचा पदयात्री : एका वाघाने आखलेला नकाशा

१/ दीर्घ प्रवासांचा इतिहास म्हटला की व्यापारी, यात्रेकरू आणि सैन्ये आठवतात. विदर्भातील अलीकडचा एक विलक्षण प्रवास मात्र वाघाचा आहे.

२/ यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी-पांढरकवडा परिसरातले टिपेश्वर जंगल १९९७ मध्ये अभयारण्य घोषित झाले. क्षेत्र जेमतेम १४८ चौ. किमी. संरक्षणामुळे वाघ वाढले आणि तरुण नरांना जागा अपुरी पडू लागली.

३/ ‘टी१-सी१’ हा त्यांपैकीच एक. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर बसवण्यात आली. जूनमध्ये त्याने जन्मभूमी सोडली. पैनगंगेचे खोरे, तेलंगणातील आदिलाबाद, शेते, नाले आणि महामार्ग ओलांडत सुमारे १३०० किमी चालून डिसेंबरमध्ये तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला.

४/ तेथे हद्द मिळाली, पण वाघीण नव्हती. मार्च २०२१ मध्ये तो गौताळा अभयारण्यात दिसला.

५/ शासकीय नकाशावर ही अरण्ये सुटी बेटे आहेत. त्यांना जोडणारे ओढे, झुडपी जंगले व पडीक जमिनी कोणत्याही अभयारण्याच्या हद्दीत येत नाहीत. त्या वाटा बुजल्या, तर राखलेली अरण्येही वाघांसाठी कोंडवाडे ठरतील.